मागे इंजिन, शेजारी झोपलेलं घर: एका किट कारसाठी सायलेन्सर निवडताना

दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, इंग्लंडमधल्या लेस्टरला एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. ऑन-कॉल असला की कधीकधी पहाटे पाचच्या आत घर सोडावं लागतं. त्याचं घर जुळ्यातलं. एका अंगाला शेजाऱ्यांशी सामाईक भिंत, दुसऱ्या अंगाला विटांच्या भिंतींमधला अरुंद बोळ, आणि गाडी लावायची ती त्याच बोळात. बोळापलीकडे एक ऐंशीच्या घरातल्या आजी एकट्या राहतात. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी बोळावर उघडते. गाडीच्या लेखात घराचा नकाशा आधी सांगतोय, कारण सायलेन्सर निवडताना सगळ्यांत जास्त कामाला आला तो हाच नकाशा.

गाडी म्हणजे पोर्शे ३५६ स्पीडस्टरची प्रतिकृती, किटमधल्या सुट्या भागांतून घरी जोडलेली. मूळ स्पीडस्टर १९५४ची. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहावरून अमेरिकेच्या बाजारासाठी ती स्वस्त, उघडी गाडी काढली गेली. ३५६चं मूळ फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांत आहे, त्यामुळे बीटलच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) स्पीडस्टरचं फायबरचं अंग चढवणं म्हणजे एका अर्थी नातं जुळवणंच. फक्त बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४०० मि.मी. आणि ३५६चं २१००, म्हणून चासी मधून सुमारे एक फूट कापून पुन्हा वेल्ड करावी लागते. दादानं हे सगळं चार हिवाळे घालवून घरच्या गॅरेजात केलं. इंजिन १५८४ सीसीचं, हवेनं थंड होणारं, चार सिलिंडर आडवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आणि सगळं मागच्या चाकांच्याही मागे.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. "अरे, गाडी सुरू झाली रे, पण सगळी गल्ली जागी झाली. शनिवारी येशील का?" मी गाड्यांचा आवाज आणि कंपनं तपासायच्या कामात आहे. मीटर घेऊन गेलो.

इंजिनासोबत जुनाच घेतलेला एक्झॉस्ट लावलेला होता. चार नळ्या एकत्र येऊन एकच जाड नळी, तिच्या टोकाला लोकरीनं भरलेला गोल, आखूड सायलेन्सर, डाव्या बाजूला तिरपा लोंबणारा. बीटलवाल्यांमध्ये हा प्रकार लोकप्रिय आहे, कारण तो हलका असतो, बसवायला सोपा आणि थोडी ताकदही देतो. पण यातल्या भोकाभोकांच्या नळीभोवतीची काचेची लोकर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि धुरानं उडून गेली की उरतो तो नुसता पत्र्याचा डबा. दादाच्या सायलेन्सरवर बोटाच्या पेरानं टकटक केलं तर रिकाम्या पिंपासारखा वाजला. मीटरवर १०३ डेसिबल.

ब्रिटनमध्ये १९८६च्या बांधणी-वापर नियमांतलं ५४वं कलम सांगतं की गाडीला सायलेन्सर असलाच पाहिजे आणि आवाज वाढेल असा बदल त्यात करता येत नाही. शिवाय त्या वेळच्या नियमांप्रमाणे कापलेल्या चासीची गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची स्वतंत्र मान्यता चाचणी, द्यावीच लागत होती. त्या चाचणीत उभ्या गाडीचा आवाज नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मोजतात. इंजिन मिनिटाला ज्या फेऱ्यांवर सर्वाधिक ताकद देतं त्याच्या तीन-चतुर्थांश फेऱ्यांवर ते धरायचं, आणि मर्यादा ९९ डेसिबल. या इंजिनाची सर्वाधिक ताकद ४००० फेऱ्यांवर येते, तेव्हा चाचणी ३००० फेऱ्यांवर. हा ३०००चा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

पुण्या-मुंबईकडे बुलेटचे बदललेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, ती दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दादाच्या डोक्यात तेच होतं. तो म्हणाला, "९८ आले तरी बास ना?" मी म्हटलं, "दादा, चाचणीला बास. आजींना नाही."

मागच्या इंजिनाची अडचण

पुढे इंजिन असलेल्या गाडीत धुराला बाहेर पडायला तीनेक मीटर नळी मिळते. वाटेत वायू निवतो, दाबाचे ठोके बोथट होतात, एक लहान डबा मधे, एक मोठा मागे, असं काम वाटून घेता येतं. बीटलच्या रचनेत इंजिन संपतं तिथेच गाडी संपते. सगळं काम एका डब्याला करावं लागतं, तोही इंजिनाला चिकटून. त्यामुळे इथे पहिला प्रश्न असतो तो डब्याला आकारमान किती मिळतं याचा. नळीच्या टोकाला काय लावलंय हे त्यानंतर येतं. नेमका हा क्रम बहुतेक लोक उलटा धरतात. टोकाला चकचकीत तुकडा बघून माल घेतात.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि माझ्या मते आवाजापेक्षाही गंभीर. या इंजिनाला पाणी नाही. वरचा पंखा मागच्या झाकणाखालची हवा ओढतो आणि सिलिंडरांवर फेकतो. इंजिनाभोवती जे काळे पत्रे असतात ते वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवण्यासाठी असतात. पत्रे आणि गाडीचं अंग यांमधली फट रबराच्या पट्टीनं बंद असावी लागते. ती नसेल तर सायलेन्सरवरची गरम हवा वर चढते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. दादाच्या गाडीत ही रबरी पट्टी बसवलेलीच नव्हती. किटच्या फायबरची कड आणि पत्रा यांत माझी करंगळी सहज जात होती.

तिसरी गोष्ट फायबरचीच. पॉलिएस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागतं. जुन्या सायलेन्सरच्या वर, मागच्या पट्टीच्या, म्हणजे अंगाच्या मागच्या खालच्या कडेच्या, आतल्या बाजूला, हाताच्या पंजाएवढ्या जागेत रंग पिवळा पडून बारीक फोड आले होते. एवढं नुसतं अंगणात इंजिन चालवून.

पांढरी पडलेली नळी

त्या शनिवारी हवा दमट होती, सात-आठ अंश. इंजिन दहा मिनिटं चालवल्यावर ते अडखळायला लागलं. पाय दिला की गुदमरायचं, सोडला की बंद पडायचं. दादा म्हणाला, "कार्बोरेटर गेलाय वाटतं. नवाच मागवतो." मी म्हटलं, "दादा, थांब जरा," आणि कार्बोरेटरखालच्या नळीला हात लावला. बर्फासारखी गार. आधी दव होतं, मग आमच्या डोळ्यांदेखत त्या दवाचा पांढरा, खरखरीत थर झाला. फ्रीजरमधल्या कप्प्यावर धरतो ना, तसा. नखानं खरवडला तर भुगा निघाला.

पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषतं, आणि हवेतला ओलावा आतून-बाहेरून गोठतो. म्हणूनच फोक्सवॅगननं कार्बोरेटरखालच्या नळीला चिकटून एक बारीक नळी दिली आहे. तिची दोन्ही टोकं खाली सायलेन्सरच्या फ्लँजांना, म्हणजे जोडणीच्या चपट्या कडांना, जोडतात, एक्झॉस्टचा थोडा गरम वायू तिच्यातून फिरतो आणि वरची नळी उबदार ठेवतो. आधीच्या मालकानं लावलेल्या एक्झॉस्टला ही जोडणीच नव्हती. दोन्ही तोंडांवर लोखंडी पट्ट्या मारून ती बंद केलेली. कोरड्या, उष्ण हवेत हे खपून जातं. इंग्लंडच्या हिवाळ्यात नाही.

या एका गोष्टीनं सायलेन्सरची यादी निम्मी झाली. कार्बोरेटर एकच आणि मधोमध राहणार, तेव्हा ज्या सायलेन्सरला या उबेच्या नळीची जोडणी नाही तो कितीही शांत असला तरी बाद.

काय काय पाहिलं

दोन वेगळे सायलेन्सर, डावीकडच्या सिलिंडरांना एक, उजवीकडच्यांना एक, ही दादाची आवडती कल्पना. मागून सारखेपणा दिसतो, जागाही विभागली जाते. पण या इंजिनात ठिणगीचा क्रम १-४-३-२. एक आणि दोन उजवीकडे, तीन आणि चार डावीकडे. म्हणजे डावीकडचे दोन ठोके लागोपाठ पडतात, मग उजवीकडचे दोन. चारही एकाच डब्यात मिसळले तर ठोके समान अंतरानं बाहेर येतात. बाजू वेगळ्या ठेवल्या तर प्रत्येक नळीतून दोन ठोके, मग मोठी विश्रांती, पुन्हा दोन ठोके. ३००० फेऱ्यांवर त्या लंगड्या चालीतून २५ हर्ट्झची गुरगुर तयार होते. अशी गुरगुर अनेकांना प्रिय आहे, मलाही रेसच्या मैदानावर आवडते. पण इतका खालचा सूर विटांच्या भिंतींना आणि बंद खिडकीच्या काचेला फारसा जुमानत नाही. ही कल्पना सोडली.

इंजिन आणि मागची पट्टी यांच्यामध्ये वर सरकवून दडवलेला सायलेन्सर मिळतो. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि आमची मूळ अट तर 'दिसू नये, ऐकू येऊ नये' अशीच होती. मीही सुरुवातीला त्याच्याच बाजूनं होतो. मग गाडीखाली झोपून टेपनं जागा मोजली. तो डबा बसवायचा तर मागचा पत्रा कापावा लागणार आणि तापलेला पत्रा फायबरपासून जेमतेम २० मि.मी.वर येणार. डोळ्यांआड ठेवायच्या हौसेपायी इंजिन भाजून काढणं मला मान्य नव्हतं.

कारखान्याच्या मूळ नमुन्याचा साध्या पोलादाचा सायलेन्सर स्वस्त आणि खरोखर शांत. गाडीच्या रुंदीला समांतर आडवा लांबट डबा, आत लोकर नाही, नुसते आडपडदे आणि कप्पे, आणि मागे दोन बारीक नळ्या, आपल्या चुलीच्या फुंकणीसारख्या. बीटलची ती ओळखीची शीळ याच नळ्यांतून येते. शीळ घालवता येते, पण साधं पोलाद आतून गंजतं. थोडं-थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत तर फारच लवकर, कारण धुरातलं पाणी डब्यातच साचतं आणि पुरतं वाळत नाही.

निवडला तो याच नमुन्याचा, पण स्टेनलेस स्टीलचा, थोडा मोठ्या पोटाचा. सुमारे ४०० पौंड पडले. आत कप्पे, त्यामुळे लोकर उडायची भीती नाही. उबेच्या नळीला दोन्ही बाजूंनी फ्लँज. पुढच्या दोन सिलिंडरांकडून येणाऱ्या हीट एक्स्चेंजरनाही, म्हणजे एक्झॉस्टच्या नळीभोवती हवा तापवून ती गाडीत पाठवणाऱ्या पेट्यांनाही, तो सरळ जोडला जातो. हीट एक्स्चेंजर काढून तिथे साध्या नळ्या घालायचा सल्ला दादाला पुष्कळांनी दिला होता. मी ठाम विरोध केला. त्यांच्यामुळे आवाज थोडा दबतो आणि थंडीत पायाशी ऊब मिळते. मात्र त्यांच्या आतली नळी गंजून फुटली तर तीच ऊब कार्बन मोनॉक्साइड घेऊन आत येते. म्हणून दोन्ही उतरवून दिवा आत घालून पाहिले. डावा चांगला होता. उजव्यात टाचणीच्या डोक्याएवढं भोक निघालं. तो बदलला, त्यावर घासाघीस केली नाही.

बसवताना

बीटलचं अंग आणि स्पीडस्टरचं अंग मागे सारखं नाही. बीटलच्या मागच्या पट्टीत नळ्यांसाठी खाचा असतात, स्पीडस्टरची पट्टी त्याहून खाली उतरते. सायलेन्सर तसाच लावला असता तर नळ्या थेट फायबरवर आल्या असत्या. ३५६च्या पुढच्या काळातल्या गाड्यांत या नळ्या बंपरच्या गार्डांमधून बाहेर काढलेल्या असत. दादाच्या मनात ते चित्र फार दिवस होतं. पण त्यासाठी आणखी दोन वळणं लागली असती, गरम नळी फायबरच्या आणखी जवळ गेली असती, आणि मुख्य म्हणजे नजर नेमकी तिथेच खिळली असती. दोन दिवस विचार करून त्यानंच सोडून दिलं.

आम्ही गावातल्या एका वेल्डरकडून दोन नळ्या खाली झुकवून घेतल्या. तोंडं पट्टीच्या खालून, अंगाच्या बाहेर जेमतेम १५ मि.मी. येतील अशी. त्याहून आत ठेवली तर चालत्या उघड्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर उलटा आत ओढला जातो. त्याहून बाहेर काढली तर दिसतात आणि पोटरीला चटका देतात. तोंडाची कड चाचणीत धारदार चालत नाही, म्हणून २.५ मि.मी. गोलाई देऊन घासली. वरून मॅट काळा, उष्णता सोसणारा रंग. सहा पावलं मागे उभं राहिलं की काही दिसत नाही.

जुने स्टड, म्हणजे सायलेन्सर इंजिनाला धरणारे आट्यांचे दांडे, त्यांवरून नट काढायला पूर्ण एक दिवस गेला. हेड अॅल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा, मधे पन्नास वर्षांचा गंज. तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी नट तापवले आणि पाना पाव-पाव फेरा मागे-पुढे करत सोडवले. एकही मोडला नाही याचा मला आजही आनंद आहे, कारण हेडमध्ये मोडलेला स्टड म्हणजे इंजिन उतरवणं. नवे नट तांब्याचा मुलामा दिलेले घातले, ते पुढच्या वेळी सुटतात. उबेची बारीक नळी आतून काजळीनं गच्च होती. अॅक्सिलरेटरची जुनी वायर ड्रिलला लावून ती साफ केली, दोन्ही टोकांतून मूठभर कोळसा निघाला.

गळती शोधायची आमची पद्धत सोपी आहे. इंजिन गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू एका नळीला चिंधीनं बांधायची, दुसरी नळी बुचानं बंद करायची, आणि प्रत्येक सांध्यावर भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशनं लावायचं. चौथ्या सिलिंडरच्या फ्लँजवर द्राक्षाएवढे बुडबुडे आले. गॅस्केट तिरकं बसलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर गाडी चालताना टिकटिक झाली असती आणि आम्ही व्हॉल्व्हच्या मागे लागलो असतो.

फायबरच्या आत अॅल्युमिनियमचा पत्रा १० मि.मी. अंतर सोडून लावला. अंतर महत्त्वाचं, चिकटवलेला पत्रा उष्णता नुसती पुढे ढकलतो. आणि इंजिनाभोवतीचे पत्रे व अंग यांच्यातली फट रबरानं बंद केली.

मीटरवर ९२. दर १० डेसिबलला कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, तेव्हा १०३वरून ९२ हा फरक रस्त्यापलीकडूनही कळत होता. आयव्हीएच्या दिवशी परीक्षकाच्या मीटरवर ९३ आले. आवाजात गाडी पास झाली. गाडी अडकली ती एका दिव्याच्या उंचीवर, पण ती वेगळी गोष्ट.

रस्त्यावर आल्यावर

गाडी रस्त्यावर आल्यावर दादाची पहिली तक्रार: "बाहेर शांत आहे रे, पण आत साठच्या वेगाला डोकं धरतं." ताशी ६० मैलांना चौथ्या गिअरमध्ये हे इंजिन साधारण २९०० फेऱ्यांवर असतं. चार सिलिंडर, प्रत्येक फेऱ्याला दोन ठोके, म्हणजे शंभर हर्ट्झच्या जरासं खाली. चाचणीचा ३०००चा आकडा आणि हायवेवरचा घुमारा एकाच ठिकाणी भेटले होते.

नळीत असा सूर मारायचा एक ठरलेला उपाय म्हणजे बाजूला एक बंद नळी जोडायची, लहरीच्या पाव लांबीची. तीन-साडेतीनशे अंशांच्या वायूत आवाज सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धावतो. १०० हर्ट्झला लहर पाच मीटरची, तिचा पाव भाग सव्वा मीटर. एवढी नळी त्या शेपटीत कुठे मावणार? तेव्हा उगमाकडचा नाद सोडून मी पोचायच्या वाटेकडे वळलो. दादा गाडी चालवत असताना सीटच्या मागच्या फायबरच्या भिंतीवर तळवा टेकवला, तर ती तबल्याच्या पुडीसारखी थरथरत होती. मोठा, सपाट, आधार नसलेला तुकडा. तिच्यावर डांबराच्या जड शीट चिकटवल्या, मधोमध एक आडवी फायबरची बरगडी घातली, आणि मागच्या झाकणाला सगळीकडून रबर लावलं. पंखा हवा घेतो त्या जाळ्या अर्थातच मोकळ्या ठेवल्या. घुमारा पुरता गेला नाही. आता साठला गप्पा मारता येतात, सत्तरला आवाज थोडा चढवावा लागतो.

इंजिन ऑइलचं तापमान हायवेवर आधी ११८ अंशांपर्यंत चढायचं, कारण चाचणीच्या घाईत एका बाजूची रबरी पट्टी आम्ही अर्धवट सोडली होती. ती नीट बसवल्यावर काटा १०५च्या आसपास थांबतो. पुढच्या नोव्हेंबरातल्या दमट सकाळी कार्बोरेटरखालच्या नळीला मी मुद्दाम हात लावून पाहिला. कोमट होती.

राहिला प्रश्न पहाटेचा. गार इंजिन सुरू झालं की चोकमुळे पहिला मिनिटभर फेऱ्या चढलेल्या असतात, आणि विटांच्या बोळात तोच आवाज दोन्ही भिंतींवर आपटत राहतो. इथे सायलेन्सरकडून आणखी काही मिळण्यासारखं नव्हतं. दादा गाडी नेहमी उलटी आत घालायचा, सकाळी सरळ बाहेर पडता यावं म्हणून. त्यामुळे नळ्यांची तोंडं बोळाच्या आतल्या टोकाकडे, आजींच्या खिडकीखाली. एका रविवारी दुपारी आजींना विचारूनच मी मीटर त्यांच्या खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि गाडी दोन्ही प्रकारे लावून सुरू केली. नाक आत, शेपटी रस्त्याकडे असताना आवाज सहा डेसिबलनं कमी भरला. त्यांनीच आतून हाक मारून सांगितलं की दुसऱ्या वेळी कळलंच नाही. आता दादा नाक आत घालून गाडी लावतो, आणि पहाटे सुरू करण्याआधी गाडी हातानं ढकलत बोळाच्या तोंडापर्यंत आणतो. साडेसातशे-आठशे किलोंची गाडी, थोडा उतार आहे, जमतं.

नट पहिल्या ५०० मैलांनंतर गार इंजिनावर पुन्हा आवळले. तीन किंचित सैल होते. काळा रंग उजव्या नळीच्या वळणावर उडालाय, तो या उन्हाळ्यात पुन्हा मारायचा आहे.